राजारामपुरीतील ‘बाईंचा वर्ग’ : हस्ताक्षर आणि शुद्धलेखनाच्या शिकवणीविषयी एका पालकाचा अभिप्राय

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर, शाळकरी मुलांचे हस्ताक्षर आणि शुद्धलेखन सुधारण्यासाठी एक घरगुती वर्ग चालतो. दारावर पाटी नाही, कोठे जाहिरात नाही. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका तो चालवतात आणि परिसरातील सगळे त्याला ‘बाईंचा वर्ग’ एवढेच म्हणतात. माझा पाचवीतला मुलगा गेल्या जूनपासून तेथे जातो. पालकांना मागच्या भिंतीशी बसून वर्ग पाहण्याची मोकळीक असल्यामुळे तेथील शिकवण्याची रीत मला जवळून पाहता आली. वाईट अक्षरातून आणि चुकलेल्या वेलांट्यांतून जी गंमत निर्माण होते, ती बहुतेक ठिकाणी मुलाला खजील करण्यासाठी वापरली जाते. या वर्गात तीच गंमत शिकवण्याचे मुख्य साधन आहे आणि ती वापरताना बाई जी काळजी घेतात, तिच्यासाठीच मी हा अभिप्राय लिहीत आहे.

वर्ग आठवड्यातून तीन संध्याकाळी भरतो. पहिले दोन दिवस गिरवणे, श्रुतलेखन आणि छोटे निबंध यांत जातात. शनिवार मात्र ‘गमतीच्या वही’साठी राखलेला असतो. आठवडाभर तपासलेल्या वह्यांतून बाई पाच-सहा वाक्ये निवडतात, स्वतःच्या हाताने एका जाड वहीत उतरवून घेतात आणि शनिवारी फळ्यावर जशीच्या तशी लिहितात. वाक्य कोणाचे ते सांगितले जात नाही आणि ते बाईंच्या अक्षरात असल्यामुळे ओळखूही येत नाही. नियम एकच असतो : जे लिहिले आहे तेच वाचायचे, लिहिणाऱ्याला जे म्हणायचे होते ते नाही. मग प्रत्येकाने त्या वाक्याचे चित्र काढायचे आणि शेवटी, कोणती एक खूण बदलली म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनातले वाक्य तयार होईल, ते शोधून काढायचे.

‘आजोबा मला रोज माडीवर बसवून गोष्ट सांगतात’ हे वाक्य फळ्यावर आले तेव्हा मुलांनी आजोबांना काठीसह जिना चढायला लावले होते. मांडीवरचा अनुस्वार गेला आणि बिचाऱ्या आजोबांना रोज वरचा मजला गाठावा लागला, हे एकदा चित्रात उतरल्यावर त्या टिंबाचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. ‘आमच्या शेतात उसाचे पिक डोलत होते’ या वाक्यासाठी बाईंनी आधी एवढेच सांगितले, की पहिल्या वेलांटीचा ‘पिक’ म्हणजे कोकीळ. शिरोळ तालुक्यातून शहरात राहायला आलेल्या एका मुलाने तुरा आलेल्या उसाच्या शेंड्यावर झोके घेणारा कोकीळ इतका सुरेख काढला, की तो कागद अजून भिंतीवर लावलेला आहे. ‘५ सप्टेंबरला आम्ही शाळेत शिक्षक दीन साजरा केला’ या वाक्याच्या चित्रात शिक्षकांच्या सदऱ्याला ठिगळे आली होती, आणि त्या चित्रांवर सर्वांत मनापासून हसल्या त्या बाईच.

मला सर्वांत आवडलेला शनिवार रफाराचा होता. एका वाक्यात ‘स्नेहसंमेलनासाठी आचार्यांनी बटाटेवडे तळले’ असे लिहिलेले होते आणि दुसऱ्यात ‘सह्याद्रीमध्ये खोल दर्या आहेत’ असे. पहिल्यासाठी एका मुलीने पांढऱ्या दाढीचे, जटाधारी ऋषी कढईसमोर झारा घेऊन बसवले. दुसऱ्यासाठी बहुतेकांनी डोंगराच्या मधोमध समुद्र काढून त्यात होड्या सोडल्या. आचार्य आणि आचारी, दर्या आणि दरी हे सगळे शब्द मुलांना ठाऊक होते, पण डोक्यावरचा रफार आणि ‘ऱ्य’मधला आडवा अर्धा र यांनी दोन वेगळे शब्द तयार होतात, हे तोवर त्यांच्या लक्षात आले नव्हते. खरे सांगायचे तर वर्गातील अनेक पालकांच्याही ते लक्षात आले नव्हते, कारण मोबाइलवर टंकताना ‘दुसर्या’ आणि ‘वार्यावर’ असे सर्रास लिहिले जाते आणि वाचणारा ते सवयीने दुरुस्त करून वाचतो. जे लिहिले आहे तेच वाचायचे, या नियमाचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला. आपण मोठी माणसे लिहिणाऱ्याला सांभाळून घेत वाचतो. मुलाने स्वतःचे लिखाण तसेच सांभाळून घेत वाचले, तर त्याला स्वतःची चूक कधीच दिसत नाही.

अनेक शाळांतून ‘शुद्धलेखन’ या नावाखाली जो गृहपाठ दिला जातो, तो पाठ्यपुस्तकातील दहा ओळी उतरवून काढण्याचा असतो. मूल त्या ओळी अर्थाकडे लक्ष न देता, एकेक अक्षर पाहून उतरवते. त्याने हाताला वळण लागते, पण ‘मांडी’वर अनुस्वार का हवा हे कळत नाही, कारण तो सुटला तर मुलाच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. वहीत लाल गोल आणि ‘अक्षर सुधारा’ असा शेरा येतो, आणि त्या शेऱ्यातून काय सुधारायचे याचा काडीमात्र पत्ता लागत नाही. बाईंच्या वर्गात चूक झाली की काहीतरी घडते. आजोबा माडीवर जातात, कोकीळ उसावर बसतो. माझा मुलगा आता निबंध लिहून झाल्यावर तो स्वतःला मोठ्याने वाचून दाखवतो आणि मधेच हसून पेन्सिल उचलतो. वर्गाचा परिणाम मोजायचा झाला तर मी गुणांपेक्षा हे आधी सांगेन.

सगळ्याच चुका फळ्यावर येत नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. चिंतेवरचा अनुस्वार गेला की चिता होते, हे उदाहरण शिकवणीच्या वर्गांतून हमखास सांगितले जाते, पण बाईंच्या फळ्यावर ते मी कधी पाहिले नाही. त्याबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, कुणाच्या घरात काय घडून गेलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. अनुस्वार शिकवायला माडी-मांडी पुरते की.” आजारपण, घरातील भांडण, पैशाची ओढाताण असे विषय ज्या निबंधात असतील, त्यांतील एकही वाक्य त्या गमतीच्या वहीत घेत नाहीत. त्या वह्यांतील चुका त्या मुलाला जवळ बसवून, हळू आवाजात दुरुस्त करून देतात.

नियम शिकवण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत भर पडली आणि आज आपण जे अठरा नियम पाळतो ते तेव्हापासूनचे. बाई ते क्रमाने पाठ करून घेत नाहीत. त्या गावाच्या नावापासून सुरुवात करतात. गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहावा असे नियमांत स्वतंत्रपणे सांगितलेले आहे, म्हणून कोल्हापूर. पण शब्दाला प्रत्यय लागून रूप बदलले की तोच ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून कोल्हापुरात, आणि पुढे कोल्हापुरी. मुलांना पहिला गृहपाठ असतो तो घरापासून वर्गापर्यंतच्या पाट्या वाचत येण्याचा : कोठे ‘कोल्हापुर’ लिहिले आहे, कोठे ‘कोल्हापूरी मिसळ’ लिहिले आहे, ते टिपून आणायचे. दुकानाचे नाव लिहायचे नाही, फक्त चुकलेला शब्द लिहायचा, ही अट तेथेही असते. एकदा हे जमले की तीच किल्ली पुढे लागते. दूध पण दुधात, फूल पण फुलात, गरीब पण गरिबाला, विहीर पण विहिरीत, बहीण पण बहिणीला. मुले भराभर जोड्या सांगू लागतात आणि वर्गात चढाओढ लागते.

या चढाओढीत कोणीतरी ‘शरीर, शरिरात’ म्हणते आणि सगळे थांबते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला मूळ ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाहीत, म्हणून शरीर-शरीरात आणि गीत-गीतात. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “बाई, पण कोणता शब्द संस्कृतातून आलाय हे मला कसं कळणार?” प्रश्न अगदी रास्त होता. या ठिकाणी बाईंची गंमतही कमी पडते, असे माझे मत आहे, आणि तो दोष बाईंचा नाही. ज्या मुलाने संस्कृत वाचलेले नाही त्याला तत्सम शब्द ओळखायला सांगणारा नियम हा मराठी लेखनातील सर्वांत अवघड उंबरठा आहे. बाई नेहमी लागणाऱ्या अशा शब्दांचा एक तक्ता देतात आणि तो पाठ करावा लागेल असे सरळ सांगतात. कवी पण कविता, बुद्धी पण बुद्धिबळ, अशा जोड्या त्यात असतात. मुलांना येथे कंटाळा येतो. तक्त्याचे हे काम महिनाभर सलग न घेता वर्षभर थोडे थोडे घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

हस्ताक्षराच्या भागाकडे वळते. नव्याने येणाऱ्या मुलाला, तो कितवीत आहे हे न पाहता, ‘ग म भ न’पासून सुरुवात करावी लागते. उभा दंड, गाठ, वळण आणि शिरोरेघ या चार गोष्टी त्या चार अक्षरांत येऊन जातात, म्हणून आपल्याकडे अक्षरओळखीची सुरुवात फार पूर्वीपासून तशीच होत आली आहे. मोठ्या मुलांना हे कमीपणाचे वाटते, पण दोन आठवड्यांत त्यांचे त्यांनाच कळते की त्यांचे सगळे घोटाळे तेथेच आहेत. ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघ पूर्ण येत नाही, डाव्या बाजूला ती तुटते. घाईत सगळ्या शब्दावर एकच सरळ रेघ ओढणाऱ्या मुलाचा ‘भ’ मग ‘म’ होतो आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. ‘माझा माऊ दहावीत आहे आणि तो रोज क्लासला जातो’ हे वाक्य त्या रेघेतूनच जन्माला आले होते. त्याच्या चित्रातील पाठीवर दप्तर घेतलेले मांजर मी विसरू शकत नाही. ‘ख’चे दोन भाग सुटे राहिले तर त्याचा ‘रव’ होतो आणि खाना ‘रवाना’ होतो, म्हणून प्रमाण वळणात ‘ख’चे पाय जोडलेले असतात, हेही मुले तेथे शिकतात.

शब्दांतील अंतराचा प्रश्न निराळा. काही मुले शब्द चिकटवून लिहितात, काही भलत्या ठिकाणी तोडतात. ‘काकाला डू आणतात’ हे वाक्य दोन शनिवार वर्गात गाजत होते, कारण ‘डू’ म्हणजे काय याबद्दल मुलांचे एकमत होत नव्हते. काका लाडू आणतात, हे उलगडले तेव्हा झालेला आनंद एखादे कोडे सुटल्यासारखा होता. त्यानंतर दोन शब्दांमध्ये एका अक्षराची जागा सोडण्याविषयी बाईंना कोणाला बजावावे लागले नाही.

सेमी-इंग्रजीतील मुलांसाठी अंकांचा जो भाग घेतला जातो, तो मला फार मोलाचा वाटला. गणितात इंग्रजी अंक आणि मराठीच्या पुस्तकात देवनागरी अंक, असे दोन्ही डोळ्यांसमोर असल्याने मुलांचा जो गोंधळ होतो तो मोठ्यांच्या ध्यानातही येत नाही. देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि देवनागरी चार हा इंग्रजी आठासारखा. त्यामुळे ‘रामाला १४ वर्षांचा वनवास झाला’ हे वाक्य एका हुशार मुलाने अत्यंत गंभीरपणे ‘अठ्ठ्याण्णव वर्षांचा वनवास’ असे वाचले आणि राम परत आला तेव्हा किती म्हातारा झाला असेल, याची त्याला खरोखरच काळजी वाटली. तसेच राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे वाक्य ‘त्र्याऐंशी फूट’ असे वाचले गेले. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्या कोल्हापूरकरांना त्र्याऐंशी फूट या आकड्याने काय वाटेल ते सांगायला नको. बाईंनी त्यावर हसू दिले आणि नंतर दोन्ही अंकमाला शेजारी शेजारी लिहून, कोणती जोडी फसवते ते मुलांकडूनच शोधून घेतले.

वर्गात पेन्सिलची पकड, वहीचा किंचित तिरका कोन आणि दुरेघी वहीत अक्षराची उंची यांकडे बारकाईने लक्ष दिले जाते. खोडरबर आणायला मनाई आहे. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारून पुढे लिहायचे, म्हणजे नंतर ती चूक वाचता येते. सुरुवातीला वही डागाळल्यासारखी दिसते आणि काही पालक त्यावरून नाराज होतात. मला ही पद्धत पटली. पुसून टाकलेल्या चुकीपासून कोणी काही शिकू शकत नाही.

‘अक्षर वाईट आहे म्हणजे मुलगा डॉक्टर होणार’ असे कौतुकाने म्हणणारे पालक आपल्याकडे बरेच आहेत. बाईंना ते आवडत नाही आणि त्या तसे स्पष्ट बोलतात. डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला, तो काही हौसेखातर नव्हे. न वाचता येणारे अक्षर हे हुशारीचे लक्षण मानले, की मूल ते सुधारण्याचा प्रयत्नच सोडून देते.

आता बोलीविषयी, कारण या वर्गातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम तेथे होते. वर्गात उद्यमनगरातील कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुले आहेत, शेतकरी घरांतून आलेली मुले आहेत, नोकरदारांची मुले आहेत. ‘आमी सगळी रंकाळ्यावर गेलतो, लई मज्जा आली’ असे एका मुलाने निबंधात लिहिले होते. हे वाक्य फळ्यावर आले, पण गमतीच्या वहीतून नव्हे. बाईंनी ते अवतरणचिन्हांत लिहिले, मुलांना मोठ्याने म्हणायला लावले आणि सांगितले, की यात एकही चूक नाही, असेच आपण घरी बोलतो. मग त्यांनी विचारले, की हे वाक्य कोकणातल्या किंवा विदर्भातल्या मुलाला पत्रात लिहायचे असेल तर ‘गेलतो’ कसे लिहिशील? मुलाने ‘गेलो होतो’ असे लिहिले. निबंधात दोन मित्रांचे संभाषण असेल तर ‘गेलतो’ तसेच ठेवायचे आणि निवेदनात ‘गेलो होतो’ लिहायचे, एवढा फरक त्यांनी ठरवून दिला. ‘पानी’ आणि ‘पाणी’ यांच्याबाबतही तोच मार्ग आहे. कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली घेतला. ज्या मुलांसाठी तो घेतला गेला, त्यांच्याच घरची भाषा पुढे वर्गात हसण्याचा विषय ठरावी, हे मला नेहमी लागत आले आहे. माझ्या ओळखीतील एक मुलगी पूर्वीच्या एका शिकवणीत ‘न्हाई’ म्हणाल्यावर सगळे हसले म्हणून वर्षभर तोंड उघडत नव्हती. बाईंच्या वर्गात ती आता शनिवारी सर्वांत आधी हात वर करते.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी बाईंनी एक तास मोडी लिपीसाठी दिला. कोल्हापुरातील पुराभिलेख कार्यालयात करवीर संस्थानाचे मोडी दप्तर जतन केलेले आहे, हे सांगून त्यांनी एका जुन्या मोडी कागदाची छायाप्रत मुलांपुढे ठेवली. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे लिहीत जायची, ही मोडीची रीत. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, दोन शब्दांत जागा सोडली जात नसे आणि विरामचिन्हेही नसत. हे ऐकून मुलांचे चेहरे उजळले, ते पाहण्यासारखे होते. त्याच तासाला बाईंनी आपल्या आजीची काही पत्रे दाखवली. त्यांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे लिहिलेले होते. मुलांनी लगेच चुका मोजायला घेतल्या. तेव्हा बाईंनी सांगितले, की आजींनी ते लिहिले त्या काळी हे अनुस्वार बरोबर होते आणि न देणे चूक होते. आपण आज जे पाळतो ते सर्वांनी मिळून ठरवलेले आहे, आणि ठरवलेले सर्वांनी सारखे पाळले म्हणजे दुसऱ्याला वाचताना अडत नाही. नियमाचा धाक न बाळगता त्याचा मान राखायला शिकवणारा हा तास मला वर्षातला उत्तम तास वाटला.

काही उणिवाही आहेत. पहिली म्हणजे जागा. मुले सतरंजीवर बसतात आणि उतरती लिहिण्याची मेजे फार थोडी आहेत. ज्याला मेज मिळत नाही तो जमिनीवर वही ठेवून, पाठीतून वाकून लिहितो. हस्ताक्षराच्या वर्गात ही गोष्ट दुय्यम मानता येणार नाही. आम्ही काही पालकांनी मेजांचा खर्च वाटून घेण्याची तयारी दाखवली आहे आणि ती बाईंनी स्वीकारावी, असे मला मनापासून वाटते. दुसरी उणीव वेगाची. सावकाश लिहिताना मुलांचे अक्षर सुंदर येते, पण शाळेच्या परीक्षेत शेवटच्या अर्ध्या तासात ते पूर्वीसारखेच होते. वेळ लावून लिहिण्याचा सराव बाई फार उशिरा, फेब्रुवारीच्या सुमारास सुरू करतात. तो दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवा. डावखुऱ्या मुलांना वही उजवीकडे कलती ठेवू दिली जाते आणि त्यांना हात बदलायला कोणी सांगत नाही, हे चांगले आहे, पण गिरवण्याचे नमुने डाव्या हाताने झाकले जातात, त्यांच्यासाठी नमुना उजव्या कडेलाही छापलेला असावा.

तिसरी गोष्ट पालकांच्या वागण्याची आहे. एका पालकाने गमतीच्या वहीतील पानांचे छायाचित्र काढून ते एका व्हॉट्सअॅप गटावर टाकले आणि त्याखाली कोणाचा मुलगा असेल याचे अंदाज सुरू झाले. त्यानंतर बाईंनी वर्गात फोन बाहेर काढायला बंदी केली. वर्गातील हसणे त्या वाक्यापुरते असते. त्याला मुलाचे नाव चिकटले की ते वाक्य राहत नाही, ते मूल होते. ही बंदी काही पालकांना जाचक वाटली, मला ती अत्यावश्यक वाटते.

शुल्क महिन्याला ५०० रुपये आहे आणि सख्ख्या भावंडांना सवलत मिळते. दुरेघी वही आणि एचबी पेन्सिल एवढेच साहित्य लागते, शाईचे पेन सहावीपासून. इंग्रजी स्पेलिंग येथे शिकवले जात नाही, त्यामुळे त्या अपेक्षेने कोणी येऊ नये. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी हा ज्यांचा एकमेव हेतू आहे, त्यांनाही या वर्गाचा थेट उपयोग दिसणार नाही, कारण त्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचे असतात आणि अक्षर तपासले जात नाही. त्या कारणाने डिसेंबरनंतर काही मुले गळतात, याचे मला वाईट वाटते, कारण दहावीच्या मराठीत लेखननियमांनुसार वाक्य दुरुस्त करण्याचा प्रश्न समोर येतो तेव्हा हाच पाया उपयोगी पडणार असतो. ज्या मुलाला वहीवरील लाल शेऱ्यांची भीती बसली आहे, जो लिहायचे टाळतो किंवा बोलीमुळे गप्प बसतो, त्याला मात्र येथे अवश्य पाठवावे. प्रवेश जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दिला जातो. त्याआधी मुलाला एका शनिवारी शुल्क न भरता बसू देण्याची सोय आहे. पालकांनी तिचा लाभ घ्यावा आणि त्या दिवशी स्वतःही मागे बसावे.